रॉ २६४.७ पेशींसाठी माऊस आयएफएन-गॅमा आणि टीएनएफ: कोणतं घ्यावं, कसं तपासावं, कसं टिकवावं

सांगलीत पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. स्थानिक हळदीच्या अर्काचा दाहावर काय परिणाम होतो, हे तिला रॉ २६४.७ या माऊस मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशींवर बघायचं आहे. त्यासाठी आयएफएन-गॅमा आणि टीएनएफ-अल्फा (थोडक्यात टीएनएफ) ही पेशींना दाहाचा संदेश देणारी माऊसची प्रोटीनं, रिकॉम्बिनंट म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेली, घ्यायची आहेत. तीन कोटेशनं आली आहेत आणि दरांत मोठी तफावत आहे. एकाचं प्रोटीन ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेलं, दुसऱ्याचं एचईके २९३ या मानवी पेशींत. एकात बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आहे, एकात नाही. विभागाच्या फ्रीजरमध्ये मानवी आयएफएन-गॅमाची न उघडलेली कुपी पडून आहे, ती चालेल का? नसेल चालत तर यातलं कोणतं घ्यावं, आणि वीज जाणाऱ्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या गावात ते टिकवायचं कसं?

आधी थेट उत्तर. मानवी कुपी चालणार नाही. ई. कोलायमध्ये बनवलेलं माऊस आयएफएन-गॅमा तुमच्या कामाला पूर्ण पुरेल, एचईकेसाठी जास्त पैसे मोजू नका. टीएनएफ विकत घ्यायची गरजच आहे का, याचा पुन्हा विचार करा. माझ्या मते नाही. जे पैसे वाचतील ते एंडोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या आवरणातल्या, दाह चेतवणाऱ्या एलपीएस या पदार्थाच्या) तपासणीवर आणि कंट्रोलवर (तुलनेसाठीच्या नमुन्यांवर) घाला, कारण मॅक्रोफेज आणि हळद या जोडीत निकाल फसतो तो तिथेच. आता यामागची कारणं.

माऊस आणि मानवी आयएफएन-गॅमाच्या अमिनो आम्लांच्या क्रमात साधारण ४० टक्केच साम्य आहे. माऊस पेशीवरचा रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रोटीन) मानवी आयएफएन-गॅमाला दाद देत नाही. तुम्ही कितीही मात्रा घातलीत तरी रॉ पेशी काही घातलंच नाही अशा बसून राहतील. पण यावरून “माऊस पेशींना माऊसचंच प्रोटीन लागतं” असा सरसकट नियम करू नका, तो खरा नाही. जीएम-सीएसएफ या दुसऱ्या संदेशवाहक प्रोटीनचं आयएफएन-गॅमासारखंच आहे, दोन्ही बाजूंनी चालत नाही. मानवी आयएल-६ मात्र माऊस पेशींवर काम करतं, आणि माऊस आयएल-६ मानवी पेशींवर करत नाही. मानवी टीएनएफ माऊसच्या पहिल्या रिसेप्टरला चिकटतं, दुसऱ्याला चिकटत नाही. म्हणजे परिणाम दिसतो पण अर्धवट, आणि असा अर्धवट परिणाम अजिबात न दिसण्यापेक्षा जास्त दिशाभूल करतो. टीजीएफ-बीटा १ च्या परिपक्व साखळीत ११२ अमिनो आम्लं असतात आणि माऊस-मानव फरक फक्त एकाचा, म्हणून तिथे सगळे बिनधास्त मानवी प्रोटीन वापरतात. अ‍ॅक्टिव्हिन ए तर दोघांत तंतोतंत सारखं. तेव्हा प्रत्येक प्रोटीनचा प्रश्न वेगळा विचारायचा. आणि ऑर्डर देताना कॅटलॉगमध्ये माऊस आणि रॅट शेजारी-शेजारी असतात, बिलावर दोन्हीचा उल्लेख “उंदीर” असा होऊन जातो. कोटेशन मागतानाच प्रजातीचं नाव स्पष्ट लिहून द्या.

टीएनएफबद्दल शंका का घेतली ते सांगतो. रॉ पेशी स्वतःच टीएनएफ बनवतात. आयएफएन-गॅमा आणि एलपीएस दिलं की त्या भरपूर टीएनएफ सोडतात आणि तुमच्यासारख्या प्रयोगात तेच एलायझाने (अँटिबॉडीच्या मदतीने प्रोटीन मोजणाऱ्या चाचणीने) मोजायचं असतं. बाहेरून टीएनएफ घातलंत तर एलायझा तुमचंच घातलेलं टीएनएफ मोजून देईल. पेशींनी किती बनवलं आणि कुपीतून किती आलं, हे एलायझाला कळत नाही. शिवाय नुसत्या टीएनएफने रॉ पेशी नायट्रिक ऑक्साइड (दाहाची खूण असलेला वायू) फारसं बनवत नाहीत. टीएनएफचा मार्ग अर्काने अडतो का, हेच बघायचं असेल तर त्यासाठी एल९२९ या माऊस पेशी घ्या, त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे. रॉ पेशींच्या प्रयोगात टीएनएफ मोजा, घालू नका.

आता ई. कोलाय की एचईके. शरीरात आयएफएन-गॅमावर साखरेच्या साखळ्या असतात. ई. कोलाय त्या लावत नाही. पण डिशमधल्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटायला या साखळ्या लागत नाहीत. आयएफएन-गॅमा, आयएल-४, जीएम-सीएसएफ, आयएल-६ ही सगळी ई. कोलायमध्ये बनवलेली असूनही उत्तम काम करतात. साखळ्यांचं महत्त्व येतं ते जिवंत प्राण्याला टोचताना. एरिथ्रोपोएटिनसारखं प्रोटीन योग्य साखळ्यांशिवाय दिलं तर रक्तातून चटकन निघून जातं. ई. कोलाय खरोखर तोकडं पडतं ते वेगळ्या ठिकाणी: बरेच डायसल्फाइड (गंधकाचे) बंध असलेले मोठे रिसेप्टर, किंवा डब्ल्यूएनटी ३ए सारखी, जिच्यावर मेदाम्ल जोडलेलं असावंच लागतं अशी प्रोटीनं. माऊस डब्ल्यूएनटी ३ए २००३ मध्ये शुद्ध रूपात हाती आलं ते सस्तन पेशींच्या माध्यमातूनच. प्रोटीन बनवून देणारा तिसरा यजमान म्हणजे किडीच्या पेशी, एसएफ ९. मक्यावर २०१८ पासून आपल्याकडे धुमाकूळ घालणाऱ्या लष्करी अळीच्या पतंगाच्या अंडाशयातूनच ही पेशीमालिका आली आहे, हे मला नेहमी नवल वाटतं. सांगलीचे शेतकरी जिच्यावर औषध फवारतात, तिच्याच पेशी जगभरच्या लॅब प्रोटीन बनवायला जपून वाढवतात.

ई. कोलायमधल्या प्रोटीनला एक किंमत मोजावी लागते, आणि तुमच्या प्रयोगाचा गाभा तोच आहे: एंडोटॉक्सिन. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस असतं. प्रोटीन शुद्ध करताना त्याचा अंश मागे राहतो. मॅक्रोफेज ही नेमकी एलपीएस ओळखणारी पेशी. तिच्यावरचा टीएलआर ४ रिसेप्टर एलपीएसच्या अगदी सूक्ष्म मात्रेनेही जागा होतो आणि पुढे एनएफ-कप्पा बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रोटीन), टीएनएफ, आयएल-६, नायट्रिक ऑक्साइड सगळी साखळी सुरू होते. म्हणजे तुम्ही ज्याला “आयएफएन-गॅमाचा परिणाम” म्हणाल त्याचा काही भाग कुपीतल्या एलपीएसचा असू शकतो. त्यात आयएफएन-गॅमा मॅक्रोफेजला एलपीएसबद्दल आणखी हळवं करतं. दोघं मिळून जो परिणाम होतो तो दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा असतो. एरवी ज्या मात्रेकडे दुर्लक्ष झालं असतं ती इथे दुर्लक्षित राहत नाही.

हिशेब करून बघा. डेटाशीटवर “प्रति मायक्रोग्रॅम १ ईयूपेक्षा कमी” असं लिहिलेलं असतं. ईयू म्हणजे एंडोटॉक्सिन युनिट. ढोबळमानाने एक ईयू म्हणजे ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. तुम्ही आयएफएन-गॅमा २० नॅनोग्रॅम प्रति मिली वापरलंत तर माध्यमात ०.०२ ईयू, म्हणजे साधारण २ पिकोग्रॅम प्रति मिली एलपीएस आलं. हे बहुधा सोसेल. पण एखादं प्रोटीन १ मायक्रोग्रॅम प्रति मिली वापरायची वेळ आली तर तीच कुपी १ ईयू, म्हणजे १०० पिकोग्रॅम प्रति मिली एलपीएस घालते, आणि त्याला मॅक्रोफेज नक्की प्रतिसाद देतात. शुद्धता दोन्ही वेळा तीच, कुपी तीच, निष्कर्ष मात्र वेगळे. म्हणून डेटाशीटवरचा आकडा एकटा वाचू नका, आपल्या मात्रेने गुणून वाचा. पर्याय असेल तर ०.१ ईयूपेक्षा कमी असलेली कुपी घ्या.

हे किती महाग पडू शकतं त्याचा दाखला या शास्त्राच्या इतिहासातच आहे. एचएसपी ६० आणि एचएसपी ७० (पेशी उष्णतेच्या ताणात बनवतात ती) ही रिकॉम्बिनंट प्रोटीनं मॅक्रोफेजना थेट उत्तेजित करतात, असं सांगणारे अनेक शोधनिबंध १९९०च्या दशकाअखेर आणि त्यानंतर आले. २००३ च्या सुमारास एंडोटॉक्सिन काटेकोरपणे काढून टाकलेली तीच प्रोटीनं तपासली गेली, तेव्हा टीएनएफ सोडायला लावणारा तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. त्या प्रोटीनांची शुद्धता जेलवर (आकारानुसार प्रोटीनं वेगळी करून बघतात तिथे) चांगलीच दिसत होती. एलपीएस प्रोटीन नाही, त्यामुळे कूमासी या प्रोटीनच्या रंगाने रंगवलेल्या जेलवर ते दिसतच नाही. “९५ टक्क्यांपेक्षा जास्त शुद्ध” हे वाक्य एंडोटॉक्सिनबद्दल काहीच सांगत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे, तो करायचाच. प्रोटीनचा एक छोटा भाग १०० अंशांवर अर्धा तास उकळा आणि तो वेगळा कंट्रोल म्हणून चालवा. आयएफएन-गॅमा उकळल्यावर निकामी होतं, एलपीएस उकळण्याने मरत नाही. ऑटोक्लेव्हलाही ते पुरेसं दाद देत नाही. काचेवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. उकळलेल्या नमुन्यानेही पेशी चेतल्या तर तुम्ही जे बघत आहात ते एलपीएस आहे. मात्र काही लहान, घट्ट डायसल्फाइड असलेली प्रोटीनं, विशेषतः काही केमोकाइन (पेशींना बोलावणारी प्रोटीनं), उकळून थंड झाल्यावर पुन्हा आकार धरतात. त्यांच्यासाठी ही कसोटी पुरेशी नाही. दुसरा कंट्रोल पॉलिमिक्सिन बी या प्रतिजैविकाचा. ते एलपीएसला चिकटून त्याला निष्प्रभ करतं आणि आयएफएन-गॅमाला हात लावत नाही. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास वापरतात. ते पेशींना स्वतः त्रास देतं का हे बघायला नुसतं पॉलिमिक्सिन घातलेले खड्डेही (प्लेटमधले कप्पे) ठेवा. तिसरा, सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारा कंट्रोल म्हणजे प्रोटीन ज्यात विरघळवलं तो द्रव: तोच बफर, तेच बीएसए, तीच मात्रा, फक्त प्रोटीन नाही.

पाण्याचीही काळजी घ्या. आरओच्या टाकीत साठलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि ते पाणी गाळून, ऑटोक्लेव्ह करून निर्जंतुक झालं तरी एलपीएस तसंच राहतं. मिरजेत औषधाच्या दुकानांना तोटा नाही. तिथे मिळणारं इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घ्या. त्यावर एंडोटॉक्सिनची मर्यादा प्रति मिली ०.२५ ईयू असते आणि एक अँपूल चहाच्या दरात मिळतं. बेंझिल अल्कोहोल घातलेलं “बॅक्टेरिओस्टॅटिक” पाणी मात्र घेऊ नका, ते पेशींना चालत नाही.

आता हळदीकडे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तिच्यावर काम करायची इच्छा असलेली मुलं वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच हे काम पक्कं व्हावं असं वाटतं. हळद जमिनीखालून येते, मातीतले जिवाणू तिच्यावर असतात, नंतर ती काहिलीत शिजते, वाळते, पॉलिश होते, साठवली जाते. शिजवण्याने जिवाणू मरतात, त्यांचं एलपीएस मरत नाही. तुमचा अर्क पाण्यातला असेल तर त्यात एलपीएस उतरण्याची शक्यता मोठी. मिथेनॉल किंवा एथिल अ‍ॅसिटेटमधल्या अर्कात ती कमी. म्हणजे दाह कमी करतो म्हणून ज्याची परीक्षा घ्यायची, तोच अर्क दाह वाढवणारं काहीतरी सोबत घेऊन येऊ शकतो. नुसता अर्क दिलेल्या पेशींत टीएनएफ वाढतं का, हे आधी बघा. हरिपूरच्या पेवांत साठवलेली किंवा फार जुनी हळद घेतली असेल तर नमुन्याचा इतिहासही वहीत लिहून ठेवा.

अर्काचं एंडोटॉक्सिन मोजायला गेलात की आणखी एक अडचण येते. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी ही अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या नालखुरी खेकड्याच्या रक्तपेशींपासून बनते. तिचा रंगाचा प्रकार ४०५ नॅनोमीटरला वाचतात आणि हळदीतलं पिवळं द्रव्य कर्क्युमिन नेमकं ४२५च्या आसपास जोरात प्रकाश शोषतं. तुमचा अर्क चाचणी करण्याआधीच “पॉझिटिव्ह” दिसेल. शिवाय वनस्पतींतले बीटा-ग्लुकन (एक प्रकारच्या साखरेच्या साखळ्या) एलएएल चाचणीला एलपीएससारखेच चेतवतात. म्हणून अर्कासाठी जेल-क्लॉट (रंगाऐवजी गुठळी बघायचा) प्रकार घ्या, ग्लुकन अडवणारा बफर वापरा, आणि अर्कात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते परत मोजलं जातं का ते बघा. प्रोटीनच्या कुपीसाठी मात्र रंगाचा प्रकारही चालेल.

कर्क्युमिनबद्दल रसायनशास्त्रज्ञांची तक्रार जुनी आहे: ते अनेक चाचण्यांत खोटा होकार देतं. ते रंगीत आहे, ते चमकतं, ते प्रोटीनांना चिकटतं, आणि ते टिकत नाही. सीरम नसलेल्या, ७.२ पीएचच्या द्रवात ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो, असं १९९७ मध्येच दाखवलं गेलं आहे. सीरम असेल तर ते बरंच जास्त टिकतं. तुमच्या प्रयोगाला याचा थेट अर्थ असा, की अर्क आणि आयएफएन-गॅमा एकाच ट्यूबमध्ये मिसळून पेशींवर घालू नका. तसं केलंत आणि परिणाम कमी झाला, तर अर्काने पेशीच्या आतला मार्ग अडवला की ट्यूबमध्येच आयएफएन-गॅमाला चिकटून त्याला निकामी केलं, हे सांगता येणार नाही. एका प्लेटमध्ये आधी अर्क, मग माध्यम काढून धुणं, मग आयएफएन-गॅमा असं करा. दुसऱ्या प्लेटमध्ये दोन्ही सोबत. पहिल्यात परिणाम टिकला तर तुमच्या म्हणण्याला वजन येईल. दुसऱ्यातच दिसला तर तो पेशीचा गुण नाही असं समजून पुढे जा.

जिवंत पेशी किती हे रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीबाबतही सावध राहा. हळदीतले पॉलिफिनॉल एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करू शकतात. पेशी नसलेल्या खड्ड्यांत माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून बघा. ग्रीस चाचणी (नायट्रिक ऑक्साइडपासून बनलेलं नायट्राइट मोजणारी) ५४० नॅनोमीटरला वाचतात, तिथे पिवळा रंग कमी आड येतो. तरी अर्कात माहीत असलेलं नायट्राइट मिसळून पूर्ण परत मिळतं का हे तपासल्याशिवाय “नायट्रिक ऑक्साइड कमी झालं” असं लिहू नका.

बीएसए असलेलं घ्यावं की नाही, हा प्रश्न तुमच्यासाठी सोपा आहे. प्रोटीन फार विरळ असलं की प्लास्टिकला चिकटून नाहीसं होतं, म्हणून बीएसए घालतात. तुम्ही दहा टक्के सीरममध्ये पेशी वाढवणार. कुपीतलं बीएसए पाच हजार पट विरळ होऊन सीरममधल्या अल्ब्युमिनपुढे नगण्य ठरतं. बीएसएवालं घ्या, ते जास्त टिकतं. बीएसए नको असतं ते एलायझाची प्लेट त्या प्रोटीनने कोट करताना, त्याला रंग किंवा बायोटिन जोडताना, आणि प्राण्याला टोचताना. टोचायचं झालं तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता आधी लागते, तो वेगळा विषय.

टॅग, म्हणजे प्रोटीनला जोडलेली शेपटी, तोही बघा. सहा हिस्टिडीनचा टॅग बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण एफसी (अँटिबॉडीचा एक तुकडा) टॅग असलेलं प्रोटीन मॅक्रोफेजवर घालू नका. त्यांच्यावर एफसी रिसेप्टर असतात आणि प्रोटीनऐवजी टॅगच चिकटून राहतो.

जेलबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. आयएफएन-गॅमा दोनाच्या जोडीने काम करतं, टीएनएफ तिघांच्या जुडग्याने. या जोड्या डायसल्फाइडने बांधलेल्या नसतात, त्यामुळे एसडीएस जेलवर त्या सुटतात. आयएफएन-गॅमा १६ किलोडाल्टनच्या आसपास आणि टीएनएफ १७च्या आसपास अशी एकेरी रेघ दिसते. पुन्हा पुन्हा गोठवून-वितळवून प्रोटीनची गुठळी झाली तरी जेलवर तीच स्वच्छ रेघ येते. काम चालू आहे की नाही हे फक्त पेशीच सांगतात.

ते तपासायला डेटाशीटवर ईडी ५० असतं, म्हणजे निम्मा परिणाम देणारी मात्रा. कंपन्या ती “युनिट प्रति मिलिग्रॅम” अशीही लिहितात. दहा लाखाला नॅनोग्रॅम प्रति मिलीतल्या ईडी ५० ने भागलं की हा आकडा येतो: ईडी ५० ०.५ असेल तर २० लाख युनिट. पण ती मात्रा कंपनीच्या पेशीत, कंपनीच्या चाचणीत काढलेली असते. तुमच्या रॉ पेशींसाठी ०.१ पासून १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीपर्यंत, दर वेळी साधारण तिप्पट वाढवत, प्रतिसादाचा वक्र स्वतः काढा. मग वक्राच्या चढावरची, ६०-७० टक्के प्रतिसाद देणारी मात्रा निवडा. माथ्यावरची मात्रा निवडली तर सौम्य अर्काचा परिणाम दिसणारच नाही. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) घ्या, कुणाच्या तरी फ्लास्कमधून नको. रॉ पेशींचा प्रतिसाद जास्त पॅसेज (पेशी पुन्हा पुन्हा नव्या भांड्यात वाढवणं) झाल्यावर बदलत जातो.

पुढेमागे टीएनएफ घेतलंच तर त्याची परीक्षा कुठल्याही महाविद्यालयात होते. एल९२९ पेशी, १ मायक्रोग्रॅम प्रति मिली अ‍ॅक्टिनोमायसिन डी, त्यावर टीएनएफचे वाढते पातळ द्रव, रात्रभर ठेवणं, सकाळी क्रिस्टल व्हायलेट हा रंग. जिवंत पेशी जांभळ्या राहतात, मेलेल्या धुऊन जातात. अ‍ॅक्टिनोमायसिन विषारी आहे, हातमोजे आणि वेगळा कचरा हवाच. याच एल९२९ पेशींच्या माध्यमात एम-सीएसएफ (मॅक्रोफेज वाढवणारं प्रोटीन) असतं, त्यामुळे माऊसच्या अस्थिमज्जेतून मॅक्रोफेज वाढवायला ते विकतच्या एम-सीएसएफऐवजी वापरतात. प्रत्येक खेपेची ताकद वेगळी असते, पण पैसे कमी असलेल्या लॅबसाठी हा मोठा आधार आहे.

किती घ्यायचं? दहा मायक्रोग्रॅम. १०० मायक्रोग्रॅमची कुपी दर मायक्रोग्रॅममागे स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका. २० नॅनोग्रॅम प्रति मिलीने दहा मायक्रोग्रॅमचं ५०० मिली माध्यम होतं. ९६ खड्ड्यांच्या प्लेटला १०० मायक्रोलिटरप्रमाणे सुमारे दहा मिली लागतं. म्हणजे पन्नास प्लेटा. कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवा, कारण भुकटी झाकणाला चिकटलेली असते आणि डोळ्यांना दिसतही नाही. १०० मायक्रोलिटर इंजेक्शनचं पाणी किंवा डेटाशीटवर सांगितलेला बफर घाला, व्हॉर्टेक्स करू नका, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवून हलकेच फिरवा. मग दहा-दहा मायक्रोलिटरचे दहा भाग, कमी चिकटणाऱ्या ट्यूबमध्ये. प्रत्येकात एक मायक्रोग्रॅम, म्हणजे पाच प्लेटांचं काम. एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही. उरला तर ४ अंशांवर ठेवून त्याच आठवड्यात संपवा.

टिकवण्याचं. भुकटीच्या रूपातलं प्रोटीन बरंच सोशिक असतं. पुण्या-मुंबईहून बर्फाच्या पिशव्यांसह आलेलं पार्सल एक दिवस उशिरा पोचलं तर घाबरू नका. पण ऑर्डर सोमवारी किंवा मंगळवारी निघेल असं बघा. शनिवारी निघालेलं पार्सल रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. विरघळवलेलं प्रोटीन मात्र नाजूक. स्वतःहून बर्फ वितळवणारे, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर यासाठी वाईट. ते दिवसातून अनेकदा आतून थोडे तापतात. साधा, हाताने बर्फ काढायचा डीप फ्रीजर बरा. ट्यूब थर्माकोलच्या डब्यात, गोठलेल्या जेलपॅकच्या मधोमध ठेवा, म्हणजे महावितरणचा शटडाउन दोन-चार तासांचा असला तरी आतलं तापमान फारसं हलत नाही. तासगावच्या बेदाण्यामुळे आपल्याकडे शीतगृहं पुष्कळ आहेत, पण ती शून्याच्या वरची. उणे २० साठी त्यांचा उपयोग नाही. आणि फ्रीजर तळमजल्यावर असेल तर वर हलवा. कृष्णेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात शिरलं आहे. शक्य असेल तर निम्मे भाग दुसऱ्या विभागाच्या किंवा मिरजेच्या एखाद्या लॅबच्या फ्रीजरमध्ये ठेवायची सोय करा.

पुरवठादाराला मेल लिहाल तेव्हा कॅटलॉगचं सर्वसाधारण डेटाशीट मागू नका. तुम्हाला मिळणाऱ्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा: त्या लॉटचं मोजलेलं एंडोटॉक्सिन, त्या लॉटचा ईडी ५०, कोणत्या पेशीत काढला ते. जो पुरवठादार हे देऊ शकत नाही त्याचं कोटेशन कितीही कमी असलं तरी बाजूला ठेवा. आणि सगळ्या प्लेटा एकाच लॉटवर चालवा. प्रबंधात यजमान, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक आणि एंडोटॉक्सिन लिहा. परीक्षक विचारोत वा न विचारोत, पुढे हाच प्रयोग करणाऱ्याला ते लागेल.

शेवटी, हे प्रोटीन आपणच बनवावं का, असं तुमच्या मार्गदर्शकांनी सुचवलं असेल तर माझं मत: या प्रबंधासाठी नको, विभागासाठी जरूर. आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जावं लागेल, १९८९ च्या नियमांनुसार. आयएफएन-गॅमा ई. कोलायमध्ये बहुधा न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात जमतं. ते युरिया किंवा ग्वानिडीनमध्ये उलगडून पुन्हा घडी घालावं लागतं आणि त्यातच वर्ष जाऊ शकतं. पुढच्या वर्षी एम.एस्सी.च्या कुणाला प्रकल्प द्यायचा असेल तर टीएनएफपासून सुरू करा. ते बरंचसं विरघळलेलंच मिळतं, निकेल कॉलमवर स्वच्छ उतरतं, ट्रायटन एक्स-११४ हा साबणासारखा पदार्थ थंडीत मिसळून ३७ अंशांना वेगळं केलं की एंडोटॉक्सिनचा मोठा भाग त्या थरात निघून जातो, आणि काम करतं की नाही हे एल९२९ पेशी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतात.